प्रभूच्या पंगतीत कोण?

इसवी सन ५४ च्या सुमारास इफिस शहरातून समुद्रापलीकडच्या करिंथला एक खरमरीत पत्र गेले. लिहिणारा होता पौल, आणि तक्रार होती पंक्तिभेदाची. करिंथमधले ख्रिस्ताचे अनुयायी संध्याकाळी एकत्र जेवायला जमत. ज्यांच्या हाताशी सवड होती ते लवकर येत आणि बरोबर आणलेले खाऊनपिऊन मोकळे होत. गुलाम, हमाल, रोजंदारीवरची माणसे काम आटोपून पोहोचत, तोवर काही उरलेले नसे. एक जण उपाशी, दुसरा झिंगलेला. हे प्रभूचे भोजन नव्हेच, असे पौलाने बजावले. त्याच रागाच्या भरात त्याने येशूच्या शेवटच्या रात्रीची आठवण करून दिली: त्याने भाकर घेतली, आभार मानले, ती मोडून सर्वांना दिली, मग प्याला दिला आणि माझ्या स्मरणासाठी हे करत राहा, असे सांगितले.

ख्रिस्ती लोक ज्याला प्रभुभोजन, ख्रिस्तप्रसाद किंवा कम्युनियन म्हणतात, त्याविषयीचा हा सर्वांत जुना लिखित मजकूर. चारही शुभवर्तमाने त्यानंतरची आहेत. म्हणजे या विधीची पहिली नोंदच मुळी जेवणावरून झालेल्या भांडणातून आपल्या हाती आली. पुढच्या दोन हजार वर्षांत त्याभोवती उपास, घंटा, पातळ चकत्या, चांदीचे चमचे, काचेचे इवले पेले असे कितीतरी रिवाज जमा झाले. ते एकेक करून तपासले, की बहुतेकांच्या मुळाशी करिंथचाच प्रश्न सापडतो: कोणी कोणाबरोबर, कोणत्या भांड्यातून, कोणाच्या आधी किंवा नंतर खायचे? पंगतीचा इतिहास ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये.

वल्हांडणाची रात्र

येशू यहुदी होता आणि ते जेवण यरुशलेममध्ये वल्हांडण सणाच्या दिवसांत झाले. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या मते ते सणाचेच जेवण होते. योहान मात्र ते सणाच्या आदल्या दिवशी घडल्याचे सांगतो. त्याच्या वृत्तान्तात भाकर आणि प्याल्याचा प्रसंग येत नाही. त्या जागी येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. पवित्र गुरुवारी चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी होतो तो यावरून.

वरवर किरकोळ वाटणाऱ्या या एका दिवसाच्या फरकाने पुढे मोठे रण माजवले. वल्हांडणात खमीर घातलेली भाकर चालत नाही. मिसर देशातल्या गुलामीतून घाईने निघालेल्या पूर्वजांना पीठ फुगायलाही वेळ मिळाला नव्हता, त्याची ती आठवण. तेव्हा येशूने मोडलेली भाकर बेखमीर होती की फुगलेली? रोमच्या चर्चने बेखमीर भाकर धरली, ग्रीक चर्चने फुगलेली. १०५४ मध्ये रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांच्यात जी फारकत झाली, तिच्या कारणांच्या यादीत भाकरीतले खमीर ठळकपणे होते. पूर्वेकडच्या असिरियन चर्चने तर खमिरालाच पवित्र मानले. तिथे ‘मल्का’ नावाचे पीठ जपून ठेवतात आणि वेदीवरच्या प्रत्येक भाकरीत त्याची चिमूट घालतात. शेवटच्या भोजनातल्या भाकरीपासून हा अंश अखंड चालत आला, अशी त्यांची श्रद्धा आहे.

जेवणाचा विधी झाला

सुरुवातीला हे खरेखुरे जेवण होते. त्या काळच्या रोमन घरात मुख्य भोजनकक्षात आडव्या बैठकांवर साधारण नऊ माणसे मावत. बाकीच्यांची सोय पुढच्या चौकात होई. करिंथमधल्या पंक्तिभेदाला घराची ही रचनाही कारणीभूत असावी, असे काही अभ्यासकांना वाटते: यजमानाच्या बरोबरीचे आत, बाकीचे बाहेर.

पहिल्या शतकाच्या अखेरीच्या किंवा दुसऱ्याच्या आरंभीच्या ‘डिडाखे’ नावाच्या छोट्या पुस्तिकेत या जेवणाच्या प्रार्थना आहेत. तिचे हस्तलिखित फिलोथिओस ब्रायेनिओस या ग्रीक धर्मगुरूला १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडले. त्या प्रार्थनांची घडण यहुदी घरातल्या भोजनप्रार्थनांची आहे. टेकड्यांवर विखुरलेले धान्य जसे एका भाकरीत गोळा झाले, तशी माणसे एकत्र यावीत, असे मागणे त्यात आहे.

इसवी सन ११२ च्या सुमारास आशिया मायनरमधला रोमन सुभेदार प्लिनी याने या लोकांची चौकशी करून सम्राट ट्रेजनला कळवले, की ते पहाटे जमतात आणि नंतर पुन्हा एकत्र येऊन साधे, निरुपद्रवी अन्न खातात. ‘निरुपद्रवी’ असे मुद्दाम सांगावे लागण्याचे कारण आहे. कोणाचे तरी शरीर खातात, रक्त पितात, असे अर्धवट कानावर आल्यामुळे ख्रिस्ती माणसांवर नरमांसभक्षणाचा आळ येत असे. १५५ च्या सुमारास जस्टिन या ख्रिस्ती विचारवंताने रोममध्ये बसून या आळाला जाहीर उत्तर दिले आणि रविवारच्या सभेचे वर्णन केले: वाचन, प्रवचन, प्रार्थना, मग भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस. जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवक घरी पोहोचवत. सुस्थितीतले लोक देणगी देत, त्यातून विधवा, अनाथ, आजारी आणि कैदी यांना मदत मिळे. आजही आजाऱ्याच्या खाटेपाशी फादर किंवा पाळक ख्रिस्तप्रसाद घेऊन जातात, तो रिवाज इतका जुना आहे.

संख्या वाढली तसे जेवण आणि विधी वेगळे झाले. चौथ्या शतकात लाओदिकिया इथल्या धर्मसभेने चर्चच्या वास्तूत ‘अगापे’ म्हणजे प्रेमभोजन मांडायला मनाई केली. संध्याकाळचे जेवण सकाळचा विधी बनले. पोटभर अन्नाच्या जागी घासभर भाकर आली आणि तो घास उपाशीपोटी घ्यायचा, हा दंडकही रुजला. रोमन कॅथलिकांमध्ये मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेण्याचा नियम १९५३ पर्यंत होता. त्या वर्षी पोप बारावे पायस यांनी पाण्याला मुभा दिली, १९५७ मध्ये उपास तीन तासांवर आला आणि १९६४ मध्ये एका तासावर. भूक भागवण्यासाठी सुरू झालेल्या जेवणाला भूक हीच तयारी ठरली. जे मिळणार आहे त्याची ओढ शरीरालाही जाणवावी, हा त्यामागचा भाव मला मोलाचा वाटतो.

हातांचेही शास्त्र ठरले. चौथ्या शतकात यरुशलेममधल्या नवदीक्षितांना शिकवण होती, की उजव्या तळहाताखाली डावा हात सिंहासनासारखा धरा, तळवा थोडा खोलगट करा, भाकर घ्या, ‘आमेन’ म्हणा आणि कणही खाली पडू देऊ नका. सोन्याची पूड हातात असती तर किती जपली असती! पुढे पश्चिमेत ही पद्धत मागे पडली आणि धर्मगुरू थेट जिभेवर प्रसाद ठेवू लागले. १९६९ नंतर देशोदेशींच्या बिशपांना हातात देण्याची परवानगी मिळत गेली. आज वसईतल्या एखाद्या चर्चमध्ये रांगेत कोणी तळहात पुढे करतो, कोणी तोंड उघडतो. दोघांच्याही मागे शतकांची परंपरा उभी आहे.

डोळ्यांचे भोजन

पश्चिम युरोपात मध्ययुगात एक चमत्कारिक गोष्ट घडली. प्रसादाविषयीचा धाक इतका वाढला, की सामान्य माणसे तो घ्यायलाच धजेनात. १२१५ मध्ये चौथ्या लॅटरन धर्मसभेला नियम करावा लागला, की वर्षातून निदान एकदा, ईस्टरच्या काळात तरी तो घ्यावा. याच सभेने भाकर आणि द्राक्षारस यांचे ख्रिस्ताच्या शरीर-रक्तात तत्त्वांतर होते, ही शिकवण अधिकृत शब्दांत मांडली.

खाणे दुर्मीळ झाले तेव्हा पाहण्याला महत्त्व आले. १२०० च्या आगेमागे पॅरिसमध्ये धर्मगुरूने भाकर डोक्याच्या वर उचलून दाखवण्याची पद्धत पडली. तो क्षण चुकू नये म्हणून घंटा वाजू लागली. मिस्सा या कॅथलिक उपासनेत आजही ऐकू येणारी घंटा ती हीच. लिएज शहराजवळच्या मठातली संन्यासिनी ज्युलियाना हिच्या आग्रहामुळे १२४६ मध्ये तिथे कॉर्पस क्रिस्ती म्हणजे ख्रिस्तशरीराचा सण सुरू झाला. १२६४ मध्ये पोप चौथे अर्बन यांनी तो सर्व चर्चला लागू केला आणि पुढे भाकर मिरवणुकीने रस्त्यावर आली.

भाकरीचे रूपही पालटले. घरून आणलेल्या भाकरीऐवजी गहू आणि पाणी एवढ्याचेच पातळ पीठ लांब दांड्याच्या लोखंडी साच्यात दाबून भाजू लागले. साच्याच्या आतल्या बाजूला क्रूस किंवा कोकरू कोरलेले असे, त्याचा ठसा चकतीवर उमटे. चुरा पडत नाही, टिकते, मोजून देता येते. सोय झाली खरी, पण एक मोडून अनेकांना देण्याची खूण पुसट झाली.

पूर्वेच्या ऑर्थोडॉक्स चर्चने ती खूण जपली. तिथे फुगलेल्या भाकरीवर लाकडी शिक्का उमटवतात, धर्मगुरू छोट्या भाल्यासारख्या सुरीने मधला चौकोन कापून घेतो, तो द्राक्षारसात भिजवून चमच्याने मुखात देतो. उरलेल्या भाकरीचे तुकडे ‘अँटिडोरॉन’ म्हणून उपासनेनंतर वाटले जातात आणि ज्यांनी प्रसाद घेतला नाही त्यांनाही ते मिळतात. इथिओपियात प्रत्येक चर्चशेजारी भाकर भाजण्यासाठी वेगळी खोली असते. तिचे नाव आहे ‘बेथलेहेम’.

प्याल्यासाठी युद्ध

भाकर पाहायची वस्तू झाली, तसा प्याला लोकांच्या हातून गेलाच. बाराव्या-तेराव्या शतकांत पश्चिमेत द्राक्षारस फक्त धर्मगुरूने प्यायचा, अशी रीत पडली. सांडण्याची भीती हे एक कारण. नुसत्या भाकरीतही ख्रिस्त संपूर्ण असतो, हा धर्मशास्त्राचा आधार. पण वेदीच्या अलीकडे-पलीकडे दोन पंगती पडल्या, हे कोणाच्याही डोळ्यांना दिसत होते.

१४१४ मध्ये प्राग शहरात याकोबेक या धर्मगुरूने सामान्य लोकांना प्याला द्यायला सुरुवात केली. मत्तयाच्या शुभवर्तमानात सर्वांनी प्याल्यातून प्यावे असे असताना तो अडवणारे आपण कोण, असा त्याचा सवाल होता. त्याचा सहकारी यान हुस तेव्हा कॉन्स्टन्सच्या धर्मसभेपुढे आरोपी म्हणून अडकला होता. तुरुंगातून त्याने या कृतीला पाठिंबा दिला. जून १४१५ मध्ये सभेने लोकांना प्याला देण्यास बंदी घातली आणि ६ जुलैला हुसला जिवंत जाळले.

बोहेमिया पेटून उठला. शेतकरी, कारागीर, सरदार यांच्या फौजांच्या निशाणांवर प्याल्याचे चित्र आले. त्यांच्यावर एकामागून एक धर्मयुद्धे लादली गेली, ती त्यांनी परतवली आणि अखेर १४३६ च्या तहाने त्यांचा प्याल्याचा हक्क मान्य झाला. प्रागच्या ‘टीन’ चर्चच्या दर्शनी भिंतीवर सोनेरी प्याला झळकला. १६२० मध्ये व्हाइट माउंटनच्या लढाईत प्रॉटेस्टंट पक्ष हरला. त्यानंतर तो प्याला वितळवून त्या धातूपासून मरियेच्या मूर्तीमागची प्रभावळ घडवण्यात आली. प्रागच्या जुन्या चौकातून ती आजही दिसते. एका घोटाच्या हक्कासाठी माणसे इतकी का लढली, हे कळायला त्या घोटात त्यांना काय दिसत होते ते समजून घ्यावे लागते: देवापुढे धर्मगुरू आणि चांभार एकाच भांड्याचे धनी आहेत, याची ग्वाही.

प्रॉटेस्टंट सुधारकांनी प्याला सर्वांना दिला, पण त्याच्या अर्थावरून ते आपसांत फुटले. १५२९ मध्ये मारबुर्गच्या किल्ल्यात ल्यूथर आणि झ्विंग्ली समोरासमोर बसले. ‘हे माझे शरीर आहे’ याचा अर्थ शब्दशः की स्मरणाची खूण म्हणून? ल्यूथरने टेबलावर खडूने ते लॅटिन शब्द लिहून ठेवले आणि तो त्यापासून हलला नाही. इतर बहुतेक मुद्द्यांवर एकमत होऊनही प्रभुभोजनावर ते झाले नाही.

एकोणिसाव्या शतकात दोन नव्या चिंता आल्या, दारू आणि जंतू. १८६९ मध्ये न्यू जर्सीतल्या वाइनलँडचे दंतवैद्य थॉमस वेल्च यांनी आपल्या मेथॉडिस्ट चर्चसाठी द्राक्षाचा रस बाटलीत उकळून, न आंबता टिकवण्याची युक्ती काढली. बाटलीबंद द्राक्षरसाचा धंदा त्यातून उभा राहिला. १८९० च्या दशकात रोगजंतूंच्या धास्तीने अमेरिकी चर्चमध्ये प्रत्येकाला वेगळा छोटा पेला देण्याची टूम निघाली. आपल्याकडच्या अनेक मराठी मंडळ्यांत तबकात मांडलेले काचेचे पेले फिरतात, त्यांचे मूळ तिथे आहे.

भारतात आल्यावर

केरळच्या सीरियन ख्रिस्ती घरांत पवित्र गुरुवारी रात्री पेसहा अप्पम होते. तांदूळ आणि उडीद यांच्या पिठाची बेखमीर भाकर, वर झावळीच्या पानाचा छोटा क्रूस, सोबत गूळ आणि नारळाच्या दुधाचे पेय. प्रार्थनेनंतर घरातला वडीलधारा ती कापतो आणि वयाच्या क्रमाने सर्वांना देतो. त्या वर्षी ज्या घरात मृत्यू झाला असेल तिथे ती करत नाहीत; शेजारी आणि नातलग आपल्या घरची घेऊन येतात. हा चर्चमधला संस्कार नव्हे. चर्चमध्ये गव्हाचीच भाकर लागते. पण शेवटच्या भोजनाचे घरगुतीपण मला इतके जिवंत इतरत्र क्वचित दिसले आहे.

दक्षिणेतल्या मिशनांत मात्र प्याल्याची गाठ जातीशी पडली. तंजावर आणि आसपासच्या मंडळ्यांत वरच्या जातींचे ख्रिस्ती वेगळे बसत आणि प्रभुभोजन आधी घेत, इतरांनी नंतर. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी पत्र काढून चर्चमधला जातिभेद ताबडतोब आणि कायमचा बंद करण्याचा हुकूम दिला. कित्येकांनी चर्च सोडले, पण रांग सोडली नाही.

महाराष्ट्रात अन्नपाण्याचा हा दरारा किती होता, याची साक्ष आपल्याच इतिहासात आहे. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या कथा कोकणात आणि वसईकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. मुंबईत १८४९ मध्ये स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे, तोही गुप्तपणे. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली, त्यावरून ग्रामण्य उभे राहिले आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. पेल्याला नुसता हात लावण्याची किंमत जिथे एवढी, तिथे एकच प्याला ओठाला लावून पुढच्याकडे देणे म्हणजे काय, याचा विचार करावा.

अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला पोहोचले. तिथे थोडे ब्राह्मण आणि पुढे मोठ्या संख्येने महार-मांग समाजातली माणसे एकाच मंडळीत आली. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. त्या मधल्या काळात लक्ष्मीबाईंनी सोवळ्याचे अन्नपाणी आधी निग्रहाने जपले आणि मग विचार करून सोडले. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना ध्यानात येते, की बाप्तिस्म्याच्या आधी त्यांनी ओलांडला तो स्वयंपाकघराचा उंबरठा. युरोपातल्या पंडितांनी तत्त्वांतरावर ग्रंथ लिहिले, पण प्रभुभोजनाचा करिंथमधला मूळ अर्थ अहमदनगरच्या मंडळीला त्यांच्याहून लवकर उमगला असेल. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला त्याच्या शेजारी गुडघे टेकून, त्याच्यानंतर त्याच प्याल्यातून घोट घेणे हे तिथे उपदेशाहून मोठे प्रवचन होते. जात त्यामुळे चर्चमधून संपली नाही. लग्ने जमवताना ती पुन्हा उभी राहते, हे ख्रिस्ती समाज जाणतो. तरी दर रविवारी तिला खोटे ठरवणारी एक कृती या समाजाच्या हातात आहे, हे कमी नाही.

अजून न जुळलेली पंगत

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश मेथॉडिस्ट या प्रवाहांतल्या मंडळ्या त्या दिवशी एका मेजावर आल्या. परदेशातून आलेली शतकांची भांडणे मिटवून एक चर्च उभारायची धमक भारतीय ख्रिस्ती लोकांनी दाखवली आणि ते महाराष्ट्राच्या भूमीवर घडले, याचा आपल्याला अभिमान असायला हवा.

मोठी दरी मात्र शिल्लक आहे. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट सामान्यतः एकमेकांच्या वेदीवर प्रसाद घेत नाहीत. मुंबईत, पुण्यात, वसईत, अहमदनगरला अशी कितीतरी घरे आहेत जिथे नवरा एका चर्चचा, बायको दुसऱ्याची. रोज एका ताटात जेवणारी ही माणसे रविवारी प्रभूच्या भोजनाला वेगळी होतात. २०१८ मध्ये जर्मनीतल्या बहुसंख्य कॅथलिक बिशपांनी अशा जोडप्यांतल्या प्रॉटेस्टंट जोडीदाराला काही परिस्थितीत प्रसाद द्यावा, असा प्रस्ताव मांडला, तेव्हा त्यावर रोमपर्यंत वाद गेला. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे फेकून देण्याजोगे नाही: श्रद्धा एक झाल्याशिवाय भोजन एक कसे होईल? एकत्र खाणे ही ऐक्याची पूर्णता आहे, तिचा शॉर्टकट नव्हे.

पण दोन हजार वर्षांचा हा इतिहास मला उलट बाजूने वाचावासा वाटतो. एकी आधी आणि जेवण नंतर, असा क्रम सुरुवातीपासून नव्हता. शेवटच्या रात्री मेजाभोवती जे बसले होते त्यांचे कोठे एकमत होते? तिथे श्रेष्ठ कोण यावर भांडणारे होते, नाकारणारा होता, धरून देणारा होता. भाकर त्या सर्वांपुढे आली. ख्रिस्ती समाजाला जेव्हा जेव्हा या विधीचा अर्थ नव्याने कळला तेव्हा तो पंगत रुंद केल्याने कळला, मग ते प्रागचे कारागीर असोत की अहमदनगरच्या महारवाड्यातून आलेल्या पहिल्या पिढ्या. भाकरीत खमीर असावे की नसावे, ती हातात घ्यावी की जिभेवर, यावर जाणकारांनी जरूर वाद घालावा. मिश्र लग्नातल्या त्या जोडप्याला मात्र एका प्याल्याशी बोलावण्याचा निर्णय चर्चने आता घ्यावा. त्याला लागणारा आधार त्याच्या स्वतःच्याच इतिहासात भरपूर आहे.